मावशींच्या वाक्यातला 'च'

समोरच्याचं बोलणं कळलं नाही, तर लॅबमावशी मान डोलवत नसत. हातातलं काम थांबवत आणि "म्हंजे?" एवढंच विचारत. प्राचार्य असोत, विद्यापीठाकडून आलेली तपासणी समिती असो, की पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमन असो, प्रश्न तोच आणि आवाजही तोच. उत्तर मिळूनही कळलं नाही, तर पुन्हा "म्हंजे?" धाराशिवच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक होते. नवा धडा वर्गात शिकवण्याआधी ते तो मावशींना सांगून बघायचे. मावशींनी तिसऱ्यांदा "म्हंजे?" विचारलं की आपली टिपणं बदलायचे. बाकीचे प्राध्यापक मावशींना टाळायचे.

त्या गेल्या, त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्या निधनाची बातमी वर्तमानपत्रात मीच केली होती. चार ओळींची होती. त्यात जे आलं नाही, ते इथं लिहितो आहे.

कागदोपत्री त्या प्रयोगशाळा परिचर होत्या. शिक्षण सातवी. माहेर अणदूरजवळच्या एका खेड्यातलं, बौद्ध कुटुंब. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. काम होतं झाडण्याचं आणि काचसामान धुण्याचं. पण तीस वर्षांत त्यांनी बघून बघून स्लाइड करायला शिकून घेतलं. कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून काचेवर ठेवायचं, वर पातळ काच टेकवायची आणि अंगठ्यानं दाब द्यायचा. आमची काच फुटायची किंवा पेशींचा चिखल व्हायचा. मावशी मागून यायच्या. "दाबू नको. अंगठा टेकव निस्ता. पेशीला चिरडायचं न्हाई, निजवायचं." त्यांनी केलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की पेशी एकेक करून मोजता येत. विद्यापीठाच्या परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक त्या स्लाइडांचं कौतुक करत आणि श्रेय विभागप्रमुखांना देत.

माझ्या चित्रांवर त्यांचा विशेष राग होता. मी काढलेला बेडूक त्यांनी एकदा वही आडवी-उभी करून बघितला. "ह्यो बेडूक हाय व्हय? मला वाटलं तुळजापूर तालुका हाय." पुढं मी प्राणिशास्त्र सोडलं आणि वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात उपसंपादक झालो. मावशींना त्याचं नवल वाटलं नाही. "बरं झालं. चित्रापरीस तुझं अक्षर चांगलं हाय," म्हणाल्या.

कॅन्सरचं नाव न घेण्याची आमच्याकडं रीत आहे. त्याचं इस्पितळ बार्शीला आहे. "बार्शीला नेलंय" म्हटलं की ऐकणारा समजतो आणि पुढचं विचारत नाही. मावशींना ही रीत मान्य नव्हती. त्यांची धाकटी बहीण शांता हिला बार्शीला नेलं, तेव्हा एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं विचारलं, कुठं निघालात. मावशी म्हणाल्या, "बहिणीला कॅन्सर हाय का बघायला." ती बाई उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. हे मावशींनीच मला सांगितलं, आणि शांता खिडकीकडं तोंड करून रडत होती हेही.

शांताच्या छातीत गाठ होती. ती तिनं वर्षभर लपवली. सांगितली, तेव्हा सुईनं तपासून घ्यायला ती तयार होईना. गाठीला सुई लागली की ती अंगभर पसरते, असा समज आमच्या जिल्ह्यात गावोगाव आहे. शिकलेल्या घरांतही आहे. मावशींनी तीन आठवडे समजावलं आणि शेवटी हाताला धरून नेलं. सुई लागली, रोग कळला, उपचार सुरू झाले, आणि पाच महिन्यांत शांता गेली. गाठ आधी वर्षभर वाढत होती, हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. सगळ्यांना सुई तेवढी आठवत राहिली.

शांताच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीला, विहारात सगळे जमलेले असताना शांताची मुलगी रेखा मावशींसमोर उभी राहिली. "मावशी, तुमी नेलं सुई लावायला. न्हाईतर आई अजून दोन वर्षं जगली असती." रेखाला दोन मुली होत्या, ती गावातच राहायची. आईची गाठ लेकीलाही होऊ शकते, हे मावशींना लॅबमध्ये ऐकून माहीत होतं. म्हणून त्यांना दुःखापेक्षा भीती जास्त वाटली. उद्या रेखाला गाठ आली तर ती सुई लावून घेणार नाही, आणि सांगायला गेलं तर निदान आपलं तरी ऐकणार नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

निवृत्त झाल्यावर त्या माझ्या कार्यालयात आल्या. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला दरवर्षी इनाम द्यायचं, त्यासाठी आपण निवृत्तीच्या पैशांतलं बरंचसं संस्थेकडं कायम ठेव म्हणून ठेवणार, असं म्हणाल्या. आमचं कॉलेज ज्या संस्थेचं होतं, तिचं संशोधन केंद्र धाराशिवातच होतं आणि तिथं पीएचडीची मुलं कॅन्सरच्या पेशींवर काम करत होती. नाव ठरलं होतं: शांताबाई स्मृती संशोधन पुरस्कार. वस्तीतल्या लोकांचं म्हणणं होतं की विहाराला फरशी करून द्यावी. भावाचं म्हणणं होतं की दवाखान्याला खाट द्यावी, खाटेवर नाव तरी लागतं.

मी विचारलं, "मावशी, डॉक्टरांनाच गावात बोलवा की. संशोधन करणारी मुलं कशाला?"

"डॉक्टरला टाइम हाय व्हय? आन् डॉक्टर बोलला की बायांना वाटतंय, ह्याला सुई लावायचीच हाय म्हणून बोलायलाय. माझं ऐकत न्हाईत. झाडूवाली म्हणत्यात. बहिणीला हिनंच मारलं म्हणत्यात. ज्यानं ती पेशी डोळ्यानं बघितली, त्यानं येऊन सांगावं. त्याला सुई विकायची न्हाई का काय न्हाई."

मग त्यांनी अट सांगितली आणि मला लिहून घ्यायला लावली. त्यांचे शब्द असे होते: "इनाम घेणाऱ्यानं वर्षाच्या आत आमच्या गावात आलंच पायजे. बायांना आपल्या बोलीत सांगितलंच पायजे. न्हाई आला तर इनाम वापस." जागाही त्यांनीच ठरवली. "विहारात मराठ्याच्या बाया येणार न्हाईत. देवळाम्होरं आमच्या जाणार न्हाईत. शाळेत घ्या."

मी ते सुधारलं. माझा रोजचा धंदाच तो होता. तालुक्याहून आलेल्या बातमीतले 'च' खोडणं हे उपसंपादकाचं पहिलं काम असतं. "झालेच पाहिजे", "मिळालाच पाहिजे" हे मोर्चातल्या फलकावर शोभतं, छापील मजकुरात नाही, असं मला शिकवलं होतं. मी लिहिलं: "पुरस्कारप्राप्त विद्यार्थ्याने दात्यांच्या मूळ गावी येऊन तेथील महिलांशी सोप्या मराठीत संवाद साधावा, अशी अपेक्षा आहे." पुरस्कार परत घेण्याचं वाक्य काढून टाकलं. ते उद्धट दिसत होतं.

मावशींनी कागद दोनदा वाचला. "ह्यात माझा 'च' कुठं गेला?"

"मावशी, अपेक्षा म्हटलं की त्यात ते आलंच."

"अपेक्षा म्हंजे?"

"म्हणजे यायला पाहिजे, असं. मोठी माणसं वाचणार हे. असं दरडावून लिहीत नाहीत."

त्यांनी कागदाकडं पुन्हा बघितलं. दुसऱ्यांदा "म्हंजे?" विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं नाही. "तुला जास्त कळतंय. तू पेपरात हाईस," म्हणाल्या आणि सही केली.

पहिल्या वर्षी समारंभ झाला. व्यासपीठावर अकरा खुर्च्या होत्या. मावशींची दुसऱ्या रांगेत होती. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ झाले. प्रमुख पाहुण्यांनी मावशींचा उल्लेख 'एका सामान्य महिलेचे असामान्य औदार्य' असा केला. ते मी दुसऱ्या दिवशी शीर्षकात घेतलं. पुरस्कार मिळालेला विद्यार्थी एका वनस्पतीच्या अर्काचा कॅन्सरच्या पेशींवर काय परिणाम होतो ते बघत होता. चहाच्या वेळी मावशींनी त्याला गाठलं. "गावाकडं कवा येताव?" तो त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "नक्की येतो, मावशी." पाया पडला म्हणजे येणार, असं त्यांना वाटलं. तो आला नाही. दुसऱ्या वर्षीच्या विद्यार्थ्यानंही शब्द दिला. मावशींनी शाळेच्या मास्तरांना सांगून वर्ग उघडवला, घरोघर फिरून बाया जमवल्या. ठरल्या वेळी विद्यार्थ्याचा फोन आला की प्रयोग मध्येच सोडता येत नाही.

बाया सतरंजीवर बसलेल्या होत्या. मावशींनी स्वतःच बोलायला सुरुवात केली. त्या दिवशी मी तिथं होतो. त्यांनी चांगलं सांगितलं. सुई आत जाते, चार थेंब बाहेर येतात, ते काचेवर पसरतात, मग बघणारा बघतो. मागून एक म्हातारी म्हणाली, "ती पोरं येणार हुती म्हनं शिकलेली. ही तर आपली झाडूवालीच बोलायलीय की." बाया हसल्या. रेखा दाराशी उभी होती. ती हसली नाही. धाकट्या मुलीला कडेवर घेऊन निघून गेली.

तिसऱ्या वर्षी रेखाला गाठ आली.

तिच्या जावेनं मावशींना कळवलं. मावशी त्याच दिवशी गावी गेल्या. रेखानं त्यांना ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि जे सांगितलं ते मावशींनी मला शब्दाला शब्द सांगितलं. "मावशी, तुमी बोलू नका. तुमी बोललाव की मला आईच दिसतीय. तुमचं ते शिकलेलं माणूस येऊ द्या. त्यानं म्हटलं पसरत न्हाई, तर मी जाते. शपत."

त्या वर्षीच्या समारंभाचं आमंत्रण मावशींपर्यंत पोचलं नव्हतं. पुरस्कार एका मुलीला मिळाला होता. तिचं नाव त्यांनी माझ्याच वर्तमानपत्रात वाचलं. मावशी संस्थेच्या कार्यालयात गेल्या आणि म्हणाल्या, त्या पोरीला गावात पाठवा, अट हाय. सचिव सभ्य गृहस्थ होते. त्यांनी फाइल मागवली, कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि वाचून दाखवला. "'अपेक्षा आहे' असं लिहिलंय, मावशी. अपेक्षा आमचीही आहे. पण सक्ती कुठं लिहिलीय? तुम्हीच सही केलेली आहे." त्यांनी झेरॉक्सही दिली.

ती झेरॉक्स घेऊन मावशी माझ्याकडं आल्या. माझ्या टेबलावर कागद ठेवला, त्या वाक्यावर बोट ठेवलं. "वाच."

मी वाचलं.

"लई चांगलं मराठी हाय तुझं," त्या म्हणाल्या.

यानंतर मी जे केलं ते असं. संस्थेला अर्ज लिहिला की दात्यांच्या मूळ हेतूनुसार वाक्यात दुरुस्ती करावी. उत्तर आलं की विषय कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत ठेवला जाईल. बैठक लांबली. स्मरणपत्र लिहिलं. बैठक झाली, पण विषय वेळेअभावी राहिला. दुसरं स्मरणपत्र लिहिलं. मावशी मधूनमधून यायच्या, खुर्चीवर बसायच्या, "काय आलं?" विचारायच्या. मी बैठकीचं सांगायचो. त्या गावी जायच्या आणि रेखाला म्हणायच्या, येणार हाय. यात सात महिने गेले. मग एका दुपारी मला सुचलं की त्या मुलीचा फोन नंबर मिळवावा. संशोधन केंद्रातल्या ओळखीच्या माणसानं तो दोन मिनिटांत दिला.

मुलगी म्हणाली, "सर, मला कुणी सांगितलंच नाही असं काही आहे म्हणून. मी रविवारी येते."

ती आली. एसटीनं, एकटी. शाळेत पंचवीसेक बाया होत्या. मुलगी परंड्याकडची होती, तिची बोली जवळची होती. तिनं छापील काही आणलं नव्हतं. तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून दाखवली, सुई म्हणजे काय करते ते दाखवलं, आणि म्हणाली, "माय, पसरायची असती तर ती सुईची वाट बघत बसत न्हाई. ती आधीच निघालेली असती. सुई निस्तं सांगती, कुठवर गेली." बाया पुढं सरकून ऐकत होत्या. त्यात ती म्हातारीही होती. संपल्यावर रेखा तिच्याजवळ गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "उद्या जाते." मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

सोमवारी रेखा बार्शीला गेली. शब्द दिला होता म्हणून गेली. सुई लागली. बाकीच्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, सहा-आठ महिने आधी आणायला हवं होतं. उपचार झाले, सगळे झाले. चौथ्या महिन्यात रेखा गेली.

गावानं यातून काय घेतलं ते सांगतो. एक मुलगी शहरातून आली, गोड बोलली. रेखानं सुई लावून घेतली आणि चार महिन्यांत मेली. आधी आई, मग लेक. आता तिथं कुणाला समजावून सांगण्याची सोय राहिली नाही. पुढच्या वर्षभरात त्या गावातून एकही बाई तपासायला गेली नाही. मी हे आरोग्य उपकेंद्रात विचारून घेतलं.

रेखा गेल्यानंतर दीड महिन्यानं संस्थेचं पत्र आलं. कार्यकारिणीनं दुरुस्ती एकमतानं मंजूर केली होती. विद्यार्थ्याने दात्याच्या मूळ गावी उद्बोधन करणे बंधनकारक राहील, प्रमाणपत्र सादर केल्याशिवाय पुरस्काराचा दुसरा हप्ता दिला जाणार नाही, असं लिहिलं होतं. मी पत्र मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी ते घडी घालून ठेवून दिलं.

त्या वर्षीचा विद्यार्थी ठरल्या दिवशी अकराला हजर झाला. लॅपटॉप होता, दोन रंगीत तक्ते होते. मास्तरांनी सतरंजी अंथरली होती. मावशी सकाळी घरोघर फिरून आल्या होत्या. बारा वाजले तरी कुणी आलं नाही. दोन बाया डोक्यावर ओझं घेऊन शाळेवरून गेल्या. एकीनं आत डोकावून विचारलं, "कोण आलंय गं?" दुसरी चालता चालता म्हणाली, "सुईवाले."

मुलगा अवघडला. त्यानं बॅगेतून छापील नमुना काढला. "मावशी, तुम्ही सही दिली तरी चालेल. मी आलो होतो, हे तर खरंच आहे ना?"

"सांगा अगुदर. सही मग."

"पण कुणाला सांगू? कुणीच नाही. आणि तुम्हाला तर सगळं माहीत आहे, तुम्ही लॅबमध्ये होतात."

"मला म्हाईत हाय," मावशी म्हणाल्या. "पर मला आजवर कुणी सांगितलं न्हाई."

त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या. मुलानं लॅपटॉप मिटला आणि त्यांच्यासमोर बसला. त्यानं सुरुवातीपासून सांगितलं. मी मागच्या बाकावर होतो. पाऊण तास तो बोलला. मावशींनी त्याला मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर त्यांनी विचारलं, "मंग माझी बहीण सुईनं गेली न्हाई?"

"नाही, मावशी. सुईनं कुणी जात नाही."

"आन् रेखा?"

रेखा कोण, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "बहिणीची मुलगी. तपासायला उशीर झाला होता."

"मग सुईनं नाही," तो मावशींना म्हणाला. "उशिरानं."

"कुणी केला उशीर?"

मुलानं पुन्हा माझ्याकडं बघितलं. त्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं. मावशी त्याच्याकडंच बघत होत्या; मागं वळून माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मग त्यांनी तो नमुना पुढं ओढला आणि पेन मागितला. मुलाचं पेन चालेना. मी उठून माझं दिलं. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली, पेन सतरंजीवर ठेवलं आणि मुलाला म्हणाल्या, "दीडची गाडी हाय. निघा आता, न्हाईतर चुकंल."